वजन घटवताना : मूठभर दाण्यांचा हिशेब

वजन कमी करण्याचा निश्चय झाला, की अनेक पुणेकरांच्या घरात पहिला बदल घडतो तो फडताळातील डब्यांमध्ये. फरसाण, खारी आणि क्रीमच्या बिस्किटांचे डबे मागे सरकतात. त्यांच्या जागी बदाम, अक्रोड, खजूर, मखाणे, भोपळ्याच्या बिया, जवस आणि पीनट बटर यांच्या बरण्या येतात. हा बदल निःसंशय चांगला आहे. मात्र दोन-तीन महिन्यांनी वजनकाट्यावर उभे राहिल्यावर आकडा जागचा हललेला नसतो. क्वचित तो थोडा वाढलेलाही असतो. 'आम्ही तर सगळे पौष्टिकच खातो, मग असे का?' हा प्रश्न मग साहजिकच पडतो. त्याचे उत्तर पदार्थाच्या निवडीपेक्षा त्याच्या मापात दडलेले आहे. सुकामेवा, दाणे आणि लाडू हे वजन घटवणाऱ्याच्या आहारात जरूर असावेत. पण ते किती, केव्हा आणि कशाऐवजी, याचा हिशेब ठेवला तरच त्यांचा उपयोग होतो.

पौष्टिक म्हणजे हलके नव्हे

आहारातील ऊर्जा उष्मांकांमध्ये मोजतात. व्यवहारात आपण ज्याला एक उष्मांक किंवा एक कॅलरी म्हणतो, ती शास्त्रीय परिभाषेत एक किलोकॅलरी असते. एक ग्रॅम कर्बोदकातून किंवा प्रथिनातून सुमारे चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ. त्यामुळे ज्या पदार्थात तेलाचा अंश अधिक आणि पाण्याचा अंश कमी, तो आकाराने लहान असूनही उष्मांकांनी भरलेला असतो.

शंभर ग्रॅम काकडीतून पंधरा-वीस उष्मांक मिळतात. तेवढ्याच शेंगदाण्यांतून ५२० ते ५७०, बदामातून सुमारे ६००, तर अक्रोडातून ६५० च्या पुढे. सुके खोबरेही सहाशेच्या वर जाते. फळ वाळले की त्याची हीच गत होते. पुरंदरच्या ताज्या अंजिरात शंभर ग्रॅममागे ७५-८० उष्मांक असतात. तेच अंजीर सुकले की आकडा २५० च्या आसपास पोहोचतो. साखर बाहेरून कोणी घातलेली नसते, फक्त पाणी उडून गेलेले असते. ताजी अंजिरे आपण दोन-तीन खाऊन थांबतो, सुकी मात्र सहा-सात सहज संपतात.

आता थोडी गैरसोयीची तुलना. तळलेल्या शेवेत किंवा भाकरवडीत शंभर ग्रॅममागे साधारण ५०० ते ५५० उष्मांक असतात, म्हणजे जवळजवळ शेंगदाण्यांइतकेच. मग शेंगदाणे पौष्टिक कशासाठी म्हणायचे? कारण त्या उष्मांकांबरोबर शरीराला आणखी काय मिळते, यात मोठा फरक आहे. शेंगदाण्यांत जवळपास पाव हिस्सा प्रथिने असतात. तंतू, मॅग्नेशियम आणि असंतृप्त स्निग्धांश असतात. फरसाणातून मुख्यतः पीठ, तळणीचे तेल आणि मीठ पोटात जाते. तेव्हा 'पौष्टिक' हा शब्द पदार्थाचा दर्जा सांगतो, त्यातील ऊर्जा किती हे सांगत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की चांगल्या पदार्थावरचा हात आवरत नाही.

पुण्यातील संशोधन काय सांगते?

हा हिशेब आपल्याकडे विशेष काटेकोरपणे का ठेवायला हवा, याचे उत्तर पुण्यातच झालेल्या संशोधनात मिळते. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' या नावाने तो जगभर ओळखला जातो. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांना 'थिन-फॅट' असे म्हटले गेले. म्हणजे दिसायला सडसडीत, पण आतून चरबीयुक्त.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. वजनकाटा दोघांना एकाच पंक्तीत बसवत होता. शरीराची घडण मात्र वेगळी होती.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की आपल्याकडे केवळ वजनाचा आकडा पाहून निश्चिंत राहता येत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता, असे कडक निकष तज्ज्ञांनी २००९ मध्ये सुचवले. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असेही त्यात म्हटले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाभोवती चरबी साठलेली आहे.

थोडक्यात, आपल्याला घटवायची आहे ती चरबी. स्नायू घटवून चालणार नाही. नुसते उपाशी राहून वजन उतरवले, तर मुळातच कमी असलेले स्नायूही झिजतात. प्रथिने देणारा छोटा अल्पाहार आणि थोडा व्यायाम यांची जोड आवश्यक ठरते ती यासाठी. दाणे, फुटाणे, तीळ यांचे खरे स्थान येथे आहे.

दाण्यांनी वजन का वाढत नाही आणि केव्हा वाढते?

इतके उष्मांक असूनही मोजून दाणे खाणाऱ्यांचे वजन सहसा वाढत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. स्पेनमधील 'प्रेडिमेड' या मोठ्या प्रयोगात एका गटाला रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट दिले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सुमारे पाच वर्षांनंतर या गटाचे वजन तुलनेच्या गटापेक्षा वाढले नव्हते. अर्थात ते लक्षणीय घटलेही नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील एक लाख वीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रोजच्या खाण्यात बटाट्याचे वेफर्स वाढवणाऱ्यांचे वजन चार वर्षांत वाढत गेले, तर दाणे आणि दही वाढवणाऱ्यांच्या बाबतीत ते किंचित घटते राहिले.

यामागे तीन कारणे संभवतात. पहिले, प्रथिने, तंतू आणि स्निग्धांश यांच्यामुळे पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि पुढच्या जेवणात आपोआप दोन घास कमी जातात. दुसरे, दाणे खाणारा बहुधा दुसरे काहीतरी खाणे टाळतो. तिसरे कारण अधिक रंजक आहे. बदामाच्या पेशींच्या भिंती चिवट असतात. चावूनही त्या सगळ्या फुटत नाहीत आणि आतला काही स्निग्धांश न पचताच बाहेर पडतो. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला प्रत्यक्षात १२९ च्या आसपास उष्मांक मिळतात. जुन्या पद्धतीच्या गणिताने हा आकडा सुमारे १७० यायचा.

परंतु ही सवलत अख्ख्या दाण्यांना आहे. त्याच शास्त्रज्ञांच्या २०१६ मधील प्रयोगात भाजलेल्या आणि तुकडे केलेल्या बदामांतून मिळणारी ऊर्जा वाढली आणि बदामाचे लोणी करून खाल्ले तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. पदार्थ जितका बारीक वाटावा, तितके त्यातील तेल शरीराला सहज मिळते.

कुटाचा लपलेला हिशेब

मराठी स्वयंपाकघराला ही गोष्ट विशेष लागू पडते, कारण आपण शेंगदाणे अख्खे जितके खातो, त्याहून अधिक कूट करून खातो. काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पातळ भाजीत कूट, खिचडीत कूट. एक मोठा चमचा कूट म्हणजे दहा-बारा ग्रॅम दाणे आणि सुमारे ६० उष्मांक. दोन्ही वेळच्या जेवणात मिळून तीन चमचे गेले, तर दिवसाचा दाण्यांचा वाटा तेथेच संपतो. त्यावर संध्याकाळी 'पौष्टिक' म्हणून मूठभर दाणे खाल्ले, की तो वाटा दुप्पट होतो. थेंबे थेंबे तळे साचे ते असे.

कूट वर्ज्य करण्याचे मुळीच कारण नाही. कोशिंबीर त्याच्यामुळे रुचकर लागते आणि माणूस भाजी अधिक खातो, हा मोठाच लाभ आहे. ज्या दिवशी जेवणात कूट भरपूर आहे, त्या दिवशी मधल्या वेळी दाण्यांऐवजी फळ किंवा ताक घ्यावे, एवढाच नियम पुरेसा आहे.

उपवासाचा दिवस तर या हिशेबात हमखास चुकतो. पन्नास ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप धरले, तरी खिचडीच्या एका बशीत चारशे उष्मांक होतात. त्यात बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि राजगिऱ्याची वडी यांची भर पडली, की 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण अक्षरशः खरी ठरते.

लाडवाचे माप

आपल्या जुन्या खाद्यपद्धतीत उष्मांकांनी भरलेल्या पदार्थांना मर्यादा घालून दिलेल्या होत्या. त्या कोठे लिहिलेल्या नव्हत्या, पण पाळल्या जात. डिंकाचे लाडू थंडीत होत, हळिवाचे लाडू बाळंतिणीसाठी, तिळगूळ संक्रांतीला. सकाळी एक लाडू आणि वर दूध, असा शिरस्ता असे. लाडू हे मुळातच एक माप आहे. किती खाल्ले ते त्यात मोजता येते, जे बरणीत हात घालून खाताना कधीच कळत नाही.

शिवाय तो लाडू खाणारे शरीर दिवसभर राबत असे. आज हिंजवडीत किंवा खराडीत आठ-नऊ तास संगणकासमोर बसणाऱ्याने तोच लाडू बाराही महिने, दिवसाला दोन-तीन खाल्ले, तर लाडवाला दोष देता येणार नाही. डिंक, खारीक, खोबरे, गूळ आणि तूप घातलेल्या चाळीस ग्रॅमच्या एका लाडवात १८० ते २०० उष्मांक असतात. गूळ साखरेपेक्षा चवीला खमंग असला, तरी उष्मांकांच्या बाबतीत तो साखरेच्या जवळच आहे.

व्यायामाशी याची तुलना करून पाहावी. पासष्ट किलो वजनाच्या व्यक्तीने सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर वेगाने तासभर चालल्यास सुमारे सव्वादोनशे उष्मांक खर्च होतात. पर्वती, हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडीचा चढ असेल तर काहीसे अधिक. त्यातलेही साठ-पासष्ट उष्मांक आपण नुसते बसून असतो तरी खर्च झालेच असते. म्हणजे टेकडीवरून उतरल्यावर एक लाडू खाल्ला, की चालण्याचे बहुतेक उष्मांक पुन्हा जमा होतात. चालण्याचे हृदयाला, सांध्यांना आणि मनाला होणारे फायदे त्यामुळे कमी होत नाहीत. पण 'चाललो आहे, आता खायला हरकत नाही' हे समर्थन मात्र टिकत नाही.

कशाचे किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० उष्मांकांच्या दैनंदिन आहारात दाणे आणि तेलबिया मिळून सुमारे ३५ ग्रॅम सुचवल्या आहेत. वजन घटवणाऱ्याचा एकूण आहार यापेक्षा कमी असतो. अशा वेळी मधल्या खाण्यासाठी दिवसाला १५० ते २०० उष्मांक राखून ठेवणे सोयीचे पडते. पुढील यादीतील कोणताही एक, फार तर दोन पदार्थ त्यात बसतात. आकडे अंदाजे आहेत.

० भाजलेले शेंगदाणे, ३० ग्रॅम (एक लहान मूठ) : १६० ते १७० उष्मांक
० बदाम, १० नग : ७०
० काजू, १० नग : ८५ ते ९०
० अक्रोड, दोन अख्ख्यांचा गर : ५५ ते ६५
० फुटाणे, ३० ग्रॅम : ११०
० खजूर, लहान ३ नग : ७०
० कोरडे भाजलेले मखाणे, ३० ग्रॅम : १०५ (एक चमचा तूप घातल्यास आणखी ४५)
० शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की, ३० ग्रॅम : १४०
० पीनट बटर, एक मोठा चमचा : ९५

या यादीत फुटाण्यांकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. किमतीने स्वस्त, प्रथिनांनी समृद्ध आणि दाण्यांपेक्षा उष्मांकांनी कमी असा हा पदार्थ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. परदेशी बियांच्या महागड्या पाकिटांपुढे त्याची उपेक्षा होते, एवढेच.

केव्हा आणि कशाऐवजी?

दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांत सहा-सात तासांचे अंतर पडते, तेव्हा चार-पाचच्या सुमारास मधले खाणे उपयोगी ठरते. भुकेने कासावीस होऊन घरी पोचणारा माणूस रात्री दुप्पट जेवतो, हे टळते. मात्र हे खाणे चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांऐवजी असावे, त्यांच्या जोडीला नव्हे. रोज ३० ग्रॅम दाणे वरचे म्हणून खाल्ले, तर महिन्याला जवळपास पाच हजार उष्मांकांची भर पडते. कागदी हिशेबाने ही अर्ध्या किलोहून अधिक चरबी होते. शरीर काही प्रमाणात जुळवून घेत असल्याने प्रत्यक्षात वाढ कमी होईल, पण दिशा तीच राहील.

काही साध्या सवयी येथे कामी येतात. बरणीतून कधीही खाऊ नये. वाटीत काढून घ्यावे आणि बरणी जागेवर ठेवून मग बसावे. दूरदर्शन संच किंवा मोबाईल पाहताना खाणे टाळावे. शक्य असेल तेव्हा सोललेल्या दाण्यांऐवजी भाजलेल्या किंवा उकडलेल्या शेंगा घ्याव्यात. सोलण्यात वेळ जातो आणि समोर पडलेल्या टरफलांवरून किती खाल्ले तेही दिसते. पहिल्या आठवड्यात घरातील काट्यावर ३० ग्रॅम दाणे एकदा मोजून ते कोणत्या वाटीत किती भरतात हे पाहून ठेवावे. पुढे मोजण्याची गरज पडत नाही.

बाजारातील 'एनर्जी बार', 'ग्रॅनोला' किंवा 'डाएट चिवडा' घेताना पाकिटाच्या पुढच्या बाजूवरील दाव्यांपेक्षा मागच्या बाजूवरील तक्ता वाचावा. दर शंभर ग्रॅममागील उष्मांक आणि पाकिटाचे एकूण वजन या दोन आकड्यांवरून खरा हिशेब कळतो. 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या बारमध्ये खजुराचा लगदा असेल, तर त्यातली साखर शरीराला साखरच असते. 'भाजलेला' चिवडाही तेलाच्या फोडणीशिवाय होत नाही.

ही काळजी घ्यावी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मधल्या खाण्यात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. खजूर, मनुका आणि गुळाच्या लाडवांबाबत तर नक्कीच. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना दाणे आणि सुकी फळे यांतील पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचा विचार करावा लागतो. शेंगदाण्यांची किंवा सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते पूर्णपणे टाळावेत. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. पावसाळ्यात दमट झालेले, बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे निवडून न घेता सरळ टाकून द्यावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विषारी द्रव्य असू शकते. खारवलेले दाणे रक्तदाब असणाऱ्यांसाठी योग्य नाहीत.

वजन उतरण्याचा वेगही माफक असावा. आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली जाते. वजनाबरोबर महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजावा. काट्यावरचा आकडा स्थिर राहूनही घेर कमी होत असेल, तर प्रयत्न योग्य मार्गावर आहेत असे समजावे.

दाणे, तीळ, सुकामेवा यांना घाबरून ते बंद करणारे आणि पौष्टिक म्हणून ते हवे तितके खाणारे, दोघेही आपलेच नुकसान करून घेतात. एक लहान वाटी, दिवसातील एक ठरलेली वेळ आणि त्या वेळी टाळलेले खारी-बिस्कीट, एवढे जमले तरी मूठभर दाणे वजन घटवण्याच्या कामी येतात.